नागोजीबुवांची कॅसेट निपाणी मुक्कामी धुतली त्याची हकीकत

श्रीविठ्ठल प्रसन्न. ज्याचे नामाने पाषाण तरतात आणि ज्याचे कीर्तनात डुलक्या घेणारा मनुष्यदेखील नेमका प्रसादाचे वेळेस जागा होतो, त्या जगज्जेठीचे चरणी मस्तक ठेवोन, तदनंतर वीणेकऱ्यास, टाळकऱ्यांस, पखवाजियास आणि मागे भिंतीस पाठ लावोन बसलेल्या समस्त श्रोतेजनांस दंडवत करोन लिहितो ऐसीजे. राजे लढले, किल्ले घेतले, त्यांच्या बखरी जाहल्या, त्या थोरच आहेत. परंतु बेळगावचे पश्चिमेस मौजे बेळगुंदी, तेथील लोकांनी वैकुंठवासी कीर्तनकाराचा आवाज काळाचे दाढेतून ओढोन काढिला, त्या मोहिमेस दारूगोळा लागला नाही, लागले ते शुद्ध पाणी, एक जुने यंत्र आणि शेवया वाळविण्याची दोरी; ते युद्ध कोणी लिहोन ठेविले नाही. मागाहून पोरे म्हणतील, आवाज आपोआप मोबाइलात आला. तैसे न व्हावे, सबब जे घडले ते, पदरचे मीठ चिमूटभरच घालोन, सादर केले असे.

तरी मूळ कारण ऐसे. बेळगुंदीत पूर्वी नागोजीबुवा म्हणोन कीर्तनकार होऊन गेले. पुरुष दांडगा, दिवसा रताळ्यांचे वेल लावावे आणि सायंकाळी फेटा बांधोन कीर्तनास उभे राहावे, ऐसा शिरस्ता. आवाज ऐसा की देवळात विठ्ठल म्हटले तर तळ्यात बसलेली म्हैस मान वर करी. सप्ताहाचे अखेरीस काल्याचे कीर्तनात गवळण म्हणत, तिची चाल बुवांनी आपले आपण बांधिली होती, आणि ती चाल सुरू जाहली म्हणजे सासुरवाशिणी माहेरी आल्याचे सार्थक मानीत, आणि दह्यालाह्यांचा काला त्या चालीवाचोन गोड लागत नसे. पुढे बुवा वैकुंठास गेले आणि चालही मागोमाग गेली. जुने टाळकरी भरमूआप्पा आठवू लागले म्हणजे पहिले दोन शब्द ठीक येत आणि तिसरे शब्दास गवळणीची आरती होई. दुसरे कोणी आठवू लागले तर सिनेमाचे गाणे होई. ऐसी अनेक वर्षे गेली.

मग सप्ताह कमिटीचे अध्यक्ष राजमान्य राजश्री युवराज, वय तरुण, मिशी नवी, मोटारसायकल तिजहून नवी, यांनी देवळाचे ओसरीवर मसलत करोन फर्मान सोडिले की, यंदा काल्यास बाहेरगावचा मेळ आणावा, त्यांजकडे कीबोर्ड आहे, रंगीत दिवे आहेत, धूर सोडण्याचे यंत्र आहे. जुन्या मंडळींत हाहाकार जाहला. भरमूआप्पा तंबाखू मळता मळता थांबले आणि म्हणाले, "धूर? काल्यात धूर? रं युवराज, देवळाला आग लागल्यागत दिसंल की रं."

युवराज म्हणाले, "मग बुवांची चाल म्हना की आप्पा. म्हना. येत्या का? येकादशीपतोर चाल हजर करा, मेळ रद्द करतो. न्हायतर कीबोर्ड येतोय."

येणेप्रमाणे अटीची बोली जाहली. एकादशी जवळ, आणि चाल कोठे? तर चाल होती. बुवांची कन्या आक्काताई यांचे देवघरात होती, आणि हे सर्व गावास ठाऊक होते, परंतु तिजला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती.

बुवांचे हयातीत एका काल्याचे कीर्तन कोणी पाहुण्याने टेपरेकॉर्डरावर भरोन घेतले होते, त्याची ती एकुलती एक कॅसेट. घरचा टेपरेकॉर्डर मेला, बुवाही गेले, मग आक्काताईंनी कॅसेट देवघरात बाळकृष्णाचे शेजारी तांब्याचे तबकात बसविली आणि तिची नित्यपूजा चालू केली. आक्काताई म्हणजे गावचे भजनी मंडळाच्या मुख्य, पदर खोचला म्हणजे ग्रामसेवक वाट बदलीत.

त्या संधीस बेळगावाहून सौम्याबाई प्राध्यापक यांची स्वारी गावात दाखल जाहली. या बाई एका कॉलेजात मराठी शिकवीत, आणि त्यांनी नवीन विद्या हस्तगत केली होती. ती विद्या ऐसी की, ओव्या, भजने, कीर्तने, जुनी कागदपत्रे, जे काही मनुष्याचे तोंडी वा हाती आहे ते यंत्राचे पोटात अंकरूपे साठवावे, आणि मग हजारो ओव्या एकदम चाळोन, कोणता शब्द कोणते गावी वळला, कोणती चाल घाट उतरोन कशी बदलली, याचा माग काढावा. या विद्येस विद्यापीठी डिजिटल मानव्यविद्या म्हणतात. बाईंनी हे पारावर समजावोन सांगितले, तेव्हा भरमूआप्पांनी त्याचे सार काढिले ते ऐसे: "म्हंजे धान्याची कनगीच की, पर उंदीर लागत न्हाय."

सौम्याबाईंनी हर्षभरे तेच वाक्य आपले पुढील व्याख्यानात घातले, ऐसे ऐकिवात आहे.

मग बाई नारळ घेऊन आक्काताईंचे दरबारी गेल्या आणि देवघरापुढे बसल्या आणि अदबीने विचारत्या जाहल्या, "आक्का, ही वाजते का अजून?"

"देव वाजतोय व्हय? देव पुजायचा असतोय."

"पण आत बुवांचा आवाज आहे ना?"

"हाय म्हनून तर पुजते न्हवं. न्हायतर पलास्टिकच्या डबीला कोन हळद लावंल?"

बाईंनी नाना प्रकारे विनविले की, आक्का, आत फीत असते, फीत जुनी होते, पूजा कितीही केली तरी तिला वय असते, आज उतरवोन घेतली नाही तर पुढे काही उरणार नाही. आक्काताई बराच वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बघ बाई. बाचा फोटू हाय, फेटा हाय, काठी हाय. आवाज तेवढा हेच्यात. तू न्हेलीस आन बिघडला, तर मी दुसऱ्यांदा पोरकी हुईन. हे वय हाय व्हय पोरकं व्हायचं?"

बाईंनी हात जोडिले इतकेच. त्या हात जोडण्यास आक्काताई भुलल्या, आणि हुकूम जाहला की: कॅसेट आपले मांडीवरून उतरणार नाही, जेथे कॅसेट तेथे आपण, आणि कॅसेट गाती होऊन परत आली तर सौम्याबाईस माहेरवाशिणीची साडी, न आली तर बाईने पुन्हा बेळगुंदीची वेस पाहू नये. सौम्याबाईंनी तह कबूल केला.

आता शस्त्र पाहिजे. फीत वाजविणारे चांगले यंत्र साऱ्या मुलखात धुंडाळिले, तो निपाणीचे तंबाखूचे व्यापारी श्रीमंत आण्णासाहेब यांजकडे असल्याची खबर लागली. हे गृहस्थ जैन, धंद्यात पक्के, परंतु जुन्या टेप-डेकांचे नादी ऐसे की माडीवर त्यांचा जामदारखानाच केला होता. त्यांस फोन केला. त्यांनी उत्तर पाठविले की, यंत्र देण्यास हरकत नाही, परंतु आपले यंत्र उंबरा ओलांडीत नाही, लग्नाचे वरातीसही ओलांडले नाही, सबब कॅसेटीने येथे यावे.

मग सुमुहूर्त पाहोन कूच जाहले. सौम्याबाई आपली पांढरी चारचाकी हाकीत पुढे, शेजारी भरमूआप्पा बिनीचे सरदार, आणि मागे आक्काताई मांडीवर पितांबरात गुंडाळिलेला तांब्याचा डबा घेऊन साक्षात राजमातेप्रमाणे. बेळगाव शहर मागे टाकिले, काकती मागे पडली, हत्तरगीचा टोलनाका शरण आला, म्हणजे पैसे घेऊन शरण आला. संकेश्वराअलीकडे नाकाबंदीचे हवालदाराने गाडी थांबविली आणि डब्याकडे बोट दाखवोन, हे काय म्हणोन, कानडीत पुसिले, "एनिदु, आक्का?"

आक्काताई ताठ बसोन म्हणाल्या, "देव्रु."

हवालदाराने डब्यास नमस्कार केला आणि फौज पुढे सोडिली. भरमूआप्पा म्हणाले, "आक्का, खोटं बोललीस की गं." आक्काताई म्हणाल्या, "खोटं कुटलं? तुलाच देव दिसत न्हाय." तवंदीचा घाट येईपर्यंत भरमूआप्पा या उत्तरावर विचार करीत होते.

निपाणीस आण्णासाहेबांनी दरवाजापर्यंत सामोरे येऊन सत्कार केला. त्यांचे कुटुंब क्षमावहिनी यांनी गूळपाणी दिले आणि तेव्हाच घरचा दंडक जाहीर केला की, या घरात दिवस मावळल्यावर कोणी घास घेत नाही, तेव्हा युद्ध कितीही रंगात आले तरी सूर्य बुडायचे आत पानावर बसावे. भरमूआप्पांस हा दंडक फारच आवडला, कारण त्यात वेळेवर जेवण होते.

मग माडीवर पांढरी चादर अंथरोन त्यावर डबा ठेविला, पितांबर सोडिला, आणि आण्णासाहेबांनी चष्म्यावर भिंग चढवोन कॅसेटीचे स्क्रू काढिले. झाकण उघडिले मात्र, आण्णासाहेब मागे सरले. आत हळद होती. कुंकू होते. तांदळाच्या अक्षता होत्या, तुळशीचे वाळलेले पान होते, आणि सारी फीत एकमेकीस ऐसी चिकटली होती की जणू चिक्कीची वडी. एक मुंगीही होती, तिने बहुतेक आतच समाधी घेतली होती.

आण्णासाहेब म्हणाले, "आक्का, हे काय केलासा हो?"

"पूजा," आक्काताई म्हणाल्या. "दर येकादशीला पंचामृताचा अभिषेक. कदी चुकला न्हाय."

"पंचामृत? ह्याच्या आत?"

"मग भाईर घालून कसं? आवाज आत हाय न्हवं?"

आण्णासाहेब बोटांवर पंचामृत मोजू लागले. दूध, दही, तूप, साखर. आणि पाचवे? पाचवे मध. हे ऐकताच दारात उभ्या क्षमावहिनींनी तोंडावर पदर घेतला, कारण त्यांचे धर्मात मध वर्ज्य, आणि त्या घरात आजवर मधाचा थेंब आला नव्हता. "अगं बाई! मध? आमच्या माडीवर मध आलाय?" मग नवरा-बायकोंत कानडीत मोठी खडाजंगी जाहली, तीत आण्णासाहेब हरले, आणि कॅसेट माडीवरोन खाली परसात हलविण्यात आली. पुढील युद्ध मोकळे आकाशाखाली जाहले.

आण्णासाहेबांनी निकाल दिला तो ऐसा: मूळ डबी गेली. फीत शुद्ध पाण्यात हळूहळू धुवावी लागेल, वाळवावी लागेल, आणि मग नवे डबीत गुंडाळावी लागेल. तरी एकदाच वाजेल. फितीवरचे तपकिरी लेपण सुटत चालले आहे, एकदा यंत्रातून गेली की लेपण झडोन जाईल आणि मागे नुसती पारदर्शक पट्टी उरेल. एकच वार, दुसरा नाही.

आक्काताईंनी पितांबर छातीशी धरिला. "म्हंजे मीच...? माझ्याच हातानं?"

येथे क्षमावहिनींचा मधाचा राग गेला. त्या आक्काताईंशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मायेनं केलं तर पाप लागत न्हाय, आक्का. फक्त चिकटतं. धुतलं की जातंय."

मग परातीत शुद्ध पाणी ओतिले, आणि आण्णासाहेब फीत सोडीत, सौम्याबाई पाण्यातून काढीत, क्षमावहिनी मऊ मलमलीने टिपीत, आणि भरमूआप्पा दोरीवर घालीत. दोरी शेवया वाळविण्याची, ती परसात या खांबाहून त्या खांबास नेली, तेथून गच्चीचे कठड्यास, तेथून पुन्हा खांबास, आणि मंद वाऱ्यात सारे कीर्तन तपकिरी शेवयांसारखे झुलू लागले. हा देखावा पाहोन भल्याभल्यांचे भान हरपावे. तोच एक तंबाखूचा दलाल सौद्यासाठी दांडगाईने आत घुसला, तो आण्णासाहेबांनी गर्जना केली, "थांबा! आत येऊ नका! बुवा वाळत घातल्यात!"

दलाल जो मागे फिरला तो त्या हंगामात पुन्हा आला नाही.

सूर्य कलताना जेवणे जाहली. रात्री फौजेने निपाणीसच मुक्काम केला, आणि सकाळी आण्णासाहेबांनी फीत नवे डबीत गुंडाळिली, यंत्रास अत्तर लावावे तैसे हळुवार पुसिले, आणि डेकपासून सौम्याबाईंचे लॅपटॉपपर्यंत तार जोडिली. डेकाचे स्वतःचे दोन मोठे स्पीकर होते, ते माणसांसाठी, तार लॅपटॉपासाठी. आण्णासाहेबांनी णमोकार मंत्र म्हटला, आक्काताईंनी विठ्ठल म्हटले, भरमूआप्पांनी दोन्ही म्हटले, आणि कळ दाबिली.

पहिले खरखर. मग टाळ. मग पखवाजाची थाप, आणि त्यावरोन, काळाचे पलीकडून, नागोजीबुवा. आवाज काय वर्णावा! माडीच्या काचा थरथरल्या. क्षमावहिनी हातातले लाटणे घेऊन वर आल्या आणि तैशाच उभ्या राहिल्या. भरमूआप्पा एकाएकी ओरडले, "ह्यो माजा टाळ! डावीकडचा! आयला, किती जोरात वाजवत होतो मी!" आक्काताईंनी स्पीकरावर तळहात ठेविला होता, ज्वर पाहण्यास कपाळावर ठेवितात तैसा.

कीर्तन संपले आणि आण्णासाहेबांनी डबी काढोन दाखविली. त्यांचे म्हणणे खरे ठरले. फीत काचेसारखी जाहली होती आणि डेकाचे तोंडाशी तपकिरी भुकटी जमली होती. परंतु लॅपटॉपाचे पडद्यावर आवाजाची रेघ आदि-अंत डोंगरदऱ्या दाखवीत होती. सौम्याबाई म्हणाल्या, "आलं. सगळं आलं. थांबा, एकदा ऐकून तपासते."

"न्हाय," आक्काताई गरजल्या. "आदी देवाला. नैवेद्य कोन चाखून बघतंय का? देवाच्या म्होरं ठेवल्याबिगर उष्टं करायचं न्हाय."

आता शास्त्र म्हणते तपासावे आणि रीत म्हणते चाखू नये. सौम्याबाई घटकाभर घुटमळल्या, मग रीतीपुढे शास्त्र नमले. तेणेकरोन त्यांनी न ऐकताच त्या आवाजाच्या प्रती केल्या, एक हार्ड डिस्कात, एक पेनड्राइव्हात, एक आकाशात जेथे हल्ली सर्व जग आपली अमानत ठेविते तेथे. बंदोबस्त असा की इंद्राचेही वज्र चालो नये. आणि फौज जयजयकार करीत परतली. आण्णासाहेब व क्षमावहिनीही ऐकण्यास बरोबर निघाले. डेक उंबऱ्याचे आतच राहिला.

एकादशीचे सकाळी बेळगुंदीचे देवळात सारा गाव जमला. युवराजांनी ध्वनिक्षेपकाचा बंदोबस्त स्वतः केला, हेही न्यायाने लिहिले पाहिजे. विठ्ठलास तुळस वाहिली, लॅपटॉपास हार घातला, आणि सौम्याबाईंनी कळ दाबिली.

बुवा आले. स्वच्छ आले. शब्दन् शब्द, श्वासन् श्वास, ऐसे की जणू ओसरीवर बसोन बोलतात. पण बुवाच आले. टाळ नाही. पखवाज नाही. लोकांचे हसणे नाही, विठ्ठलनामाचा गजर नाही. बुवा अर्धी ओळ म्हणत आणि थांबत, आणि जेथे मागील टाळकऱ्यांनी धृपद धरावे, तेथे नुसती शांतता, विहिरीत दगड टाकिला आणि आवाजच आला नाही ऐसी.

सभेत कुजबूज उठली. कोणी म्हणाले, बुवा आजारी असावेत. कोणी म्हणाले, टाळकरी संपावर होते काय? भरमूआप्पा उठोन म्हणाले, "खोटं! माजा टाळ हुता! निपाणीत ह्या कानांनी ऐकलाय! कुनी चोरला माजा टाळ?"

सौम्याबाईंनी धावोन यंत्राचे पोट उघडिले आणि त्यांस आपलीच चूक सापडली. प्रकार ऐसा जाहला होता. मागे महामारीचे काळी बाई घरोन लॅपटॉपावर वर्ग घेत. तेव्हा शेजारचे कुकराच्या शिट्ट्या आणि गल्लीतील कुत्री मध्ये मध्ये पाठ घेत, सबब बाईंनी यंत्रास हुकूम केला होता की, आत येणाऱ्या आवाजांत समोरच्या एका मनुष्याचे बोलणे तेवढे ठेव, बाकी गोंगाट समजोन मार. हुकूम परत घ्यावयाचा राहिला. यंत्र इमानी. निपाणीस जेव्हा तारेतून बुवांचे मागोमाग टाळ आले, पखवाज आला, साऱ्या गावाचा गजर आला, तेव्हा त्या इमानी पहारेकऱ्याने दरवाजातच एकेकाची मान मारिली आणि बुवांस एकटे आत घेतले. आणि त्या एकट्या बुवांच्या तीन प्रती, तीन ठिकाणी, अभेद्य. मूळ फीत तर काच जाहलेली.

बाईंनी ध्वनिक्षेपकावरच सारे कबूल केले. सबबी सांगितल्या नाहीत. बोलताना रडू फुटले. मागे बुवा आपले म्हणतच होते, कारण बंद करण्याचे कोणासच सुचले नाही.

युवराज हळू आवाजात म्हणाले, आणि खरे तर त्यांसही वाईट वाटले होते, "मग... मेळवाल्यास्नी फोन लावू का?"

आक्काताई मूर्तीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "बा एकटंच वाटत्यात गं. जल्मात कदी एकटं म्हटलं न्हाईत."

आणि या शिकस्तीचे ऐन मध्यात बुवा गवळणीस आले. ती चाल! तीच ती, चढती, मग एकदम उडी मारणारी. बुवांनी अर्धी ओळ म्हटली आणि थांबले. शांतता. पुन्हा अर्धी ओळ. शांतता. आणि मग ध्वनिक्षेपकातून बुवांचा खडा आवाज आला, गाण्याचा नव्हे, रागाचा:

"भरमा! हात का थांबला रं? झोपलास, का लाह्यांकडं ध्यान हाय?"

मूळ कीर्तनाचे दिवशी भरमूआप्पा खरोखर चुकले होते, आणि बुवांनी भर कीर्तनात त्यांस टोकिले होते, आणि सभा हसली होती; निपाणीस ही हाक त्याच हशात बुडाली होती. ते हसू यंत्राने मारिले होते. परंतु आज देवळात भरमूआप्पा विंचू चावल्यागत उठले, धोतर सावरिले, आणि हात जोडोन स्पीकरास ओरडले, "न्हाय बुवा! हाय की! जागा हाय मी!"

आणि खुंटीवरचे टाळ ओढोन बुवांचे पुढील अर्ध्या ओळीमागे त्यांनी धृपद धरिले. आरती जाहली नाही! सिनेमा जाहला नाही! चाल सरळ घरी आली. तेव्हा सर्वांस उमगले की, भरमूआप्पांस चाल आठवत नव्हती, कारण त्यांनी ती जन्मात कधी पुढोन उचललीच नव्हती; बुवांनी अर्धी दिली म्हणजे त्यांजकडील अर्धी आपोआप निघे. आजवर बुवांवाचोन ती अर्धी पोटातच पडोन होती.

मग काय वर्णावे! गुंडू पखवाजी, ज्याचे बोटांत वात शिरला होता, त्याने पखवाज मांडीवर ओढिला आणि वात कोठे गेला ते वैद्यही न जाणे. जुने टाळकरी भिंत सोडोन उठले. बुवा अर्धी देत, गाव अर्धी देई, आणि जेथे जेथे विहिरीसारखी शांतता होती तेथे तेथे आता साऱ्या गावाचा आवाज बरोबर बसे, जणू ती जागा त्यांजसाठीच राखोन ठेविली होती. युवराजांनीही उत्साहाने टाळ घेतले, परंतु आक्काताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "दे हिकडं. तुला ताल न्हाय," आणि बापाचे मागे, पुरुषांचे रांगेत, उभ्या राहिल्या. बुवांचे काळी लेकीस त्या रांगेत उभे राहू देत नसत. आज कोण अडविणार? बुवांनी अर्धी ओळ टाकिली, आक्काताईंनी ती झेलिली, आणि बाप-लेक एका चालीत गाऊ लागली.

क्षमावहिनी टाळ्यांवर ठेका धरीत होत्या. आण्णासाहेब रडत होते आणि चष्मा पुसण्याचे निमित्त करीत होते. सौम्याबाईंनी मात्र डोळे पुसले, पहिले प्रथम त्या इमानी पहारेकऱ्यास यंत्रातून बडतर्फ केले, मग मोबाइल, माइक, जे जे हाती लागले ते विठ्ठलाचे पायऱ्यांवर मांडिले आणि सर्व भरोन घेतले: टाळ, पखवाज, गजर, मध्येच रडलेले पोर, लाह्यांचा डबा पडल्याचा आवाज, सर्व. काहीएक गोंगाट म्हणोन वगळिले नाही.

गजर संपला आणि युवराजांनी सर्वांदेखत मेळवाल्यांस फोन करोन कळविले की, यंदा जागा नाही, आमचे बुवा आले आहेत. मेळवाल्यांनी पुसिले, कोणते बुवा? युवराज म्हणाले, "जुनं हैत. परत आल्यात."

पुढे सौम्याबाई ओसरीवर बसोन संग्रहात नोंद घालू लागल्या. संग्रहाचे यंत्र एकेक रकाना पुसते आणि भरल्यावाचोन पुढे सरकू देत नाही. गायक: नागोजीबुवा. भरले. साथ: भरमूआप्पा, गुंडू, आक्काताई आणि समस्त बेळगुंदीकर. भरले. मग यंत्राने गायनाची तारीख पुसिली, आणि बाई अडल्या. यंत्र दोन तारखा घेईना. बुवांचे गाणे एका काळचे, टाळ दुसऱ्या काळचे, खरी कोणती? बाईंनी मसलतीस सर्वांस बोलाविले. आण्णासाहेब म्हणाले, जुनी घाला, मूळ तीच. युवराज म्हणाले, रकाना रिकामा सोडा. बाई म्हणाल्या, सोडता येत नाही.

आक्काताई उपासाची रताळी दह्यात कालवीत होत्या. त्यांनी मान वर न करता निवाडा दिला:

"बानी भरमाला हाक मारली. भरमानं व्हय म्हटलं. कवा?"

"आत्ता," बाई म्हणाल्या.

"मग आत्ताचीच घाल की."

बाईंनी आजची तारीख घातली, यंत्राने ती निमूट कबूल केली, आणि आक्काताईंनी दह्याचा हात पदरास पुसोन बाईंपुढे पहिला घास धरिला.

येणेप्रमाणे मौजे बेळगुंदी येथील चाल, जी गेली म्हणोन गावाने शोक केला होता, ती निपाणीचे पाण्याने धुवोन, यंत्राचे इमानाने हरवोन, आणि टाळकऱ्यांचे पोटातून निघोन, एकादशीचे दिवशी दोन प्रहरी, श्रीविठ्ठलाचे साक्षीने पुन्हा गावचे कबजात आली. धुराचे यंत्र आले नाही. सौम्याबाईंस साडी नेसविण्यात आली, हिरवी, जरीकाठी. शत्रुपक्षाकडील एक पहारेकरी बडतर्फ, स्वपक्षाकडील कोणी कामास आले नाही, एक मुंगी वगळता. मोहीम फत्ते जाहली असे. लेखनसीमा, आणि विठ्ठल विठ्ठल.